उपयोग निरंक

माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू म्हणजे कात्री. लोकांना वाटतं, कॉम्प्युटर डिपार्टमेंटमध्ये होत्या म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसत असतील. कॉम्प्युटर होता, पण तो काचेच्या खोलीत, एसीत. आम्ही बाहेर, कापड तपासायच्या एका जुन्या टेबलावर, कागदाच्या पट्ट्या कापत बसलेलो असायचो.

माझ्या हुद्द्याचं नाव सिस्टिम्स ॲनालिस्ट. सुदामा नगरातल्या माझ्या शेजारणीला मी ते दोन-तीनदा समजावून पाहिलं. ती दर वेळी शांतपणे ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "म्हणजे टायपिंगच न?" पुढे मी हो म्हणायला लागले. आता सवड आहे आणि कागद माझ्यापुढे आहे, तर एकदा नीट सांगून टाकते.

कुठलाही कारखाना घ्या. तिथे चालणाऱ्या कामांची यादी कागदाच्या डाव्या कडेला, वरून खाली लिहायची: कापूस घेणं, सूत काढणं, कापड विणणं, माणसं कामाला लावणं, माल विकणं. मग या कामांना जी माहिती लागते तिची यादी वरच्या कडेला, आडवी: गिऱ्हाईक, ऑर्डर, कापूस, मशीन, कामगार. झाला तक्ता. आता एकेका घरात विचारायचं, या कामात ही माहिती जन्माला येते, की नुसती वापरली जाते? जन्माला येत असेल तर ‘ज’, वापरली जात असेल तर ‘वा’. दोन्ही नसेल तर घर रिकामं.

पहिल्या खेपेला ही अक्षरं मूठभर ज्वारी फेकल्यासारखी कागदभर पसरलेली दिसतात. मग कात्री घ्यायची. माहितीच्या उभ्या पट्ट्या कापायच्या आणि हातांनी मागेपुढे सरकवायच्या, सगळे ‘ज’ डावीकडून उजवीकडे जिन्यासारखे उतरत येईपर्यंत. तसे ते आले की काही कामं आणि काही माहिती आपोआप एकमेकांजवळ येऊन बसतात. त्यांच्याभोवती लाल पेन्सिलीनं चौकट मारायची. एक चौकट म्हणजे एक सिस्टिम. चौकटीबाहेर उरलेले ‘वा’ म्हणजे एका सिस्टिमनं दुसरीकडे जाऊन मागायची माहिती. एवढंच. प्रोग्राम लिहिणारे नंतर येतात. काय कुठे राहील हे आधी आम्ही ठरवायचो.

एका पट्टीत दोन ‘ज’ आले तर समजायचं, इथे भांडण आहे. सांवेर रोडच्या एका पंपांच्या कारखान्यात गिऱ्हाइकाचा पत्ता विक्रीवालेही लिहायचे आणि माल पाठवणारेही लिहायचे. त्या दोन खात्यांचे प्रमुख एकमेकांशी बोलत नव्हते. एका गावच्या पाटीदार आडनावाच्या शेतकऱ्याचा पंप दुसऱ्या गावच्या पाटीदारांकडे गेला. त्यांनी तो विहिरीवर बसवून घेतला आणि फार छान चालतो म्हणून कारखान्याला आभाराचं पत्र पाठवलं. मी तक्ता करून मालक सेठजींपुढे ठेवला, दोन ‘ज’ दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मैडम, एक नंबर चार्ट है. इसको फ्रेम करवा लेते हैं." खरंच फ्रेम करवला आणि खुर्चीच्या मागे टांगला. सिस्टिम काही झाली नाही. काही वर्षांनी गेले तर तक्ता तिथेच होता, त्यावर अगरबत्तीचा धूर बसला होता आणि ते दोन प्रमुख अजूनही बोलत नव्हते.

त्या तक्त्यानं निदान कोणाचं वाईट केलं नाही. ज्यानं केलं, तो मी केलेल्या सगळ्या तक्त्यांत देखणा होता. तो आधीचा, कापडाच्या मिलमधला.

मिलमध्ये मी लागले तेव्हा पेपरात उदारीकरण हा शब्द नवा होता आणि आमच्याकडे मालक नवे होते. त्यांचं मुख्य ऑफिस मुंबईला. बाकीच्या मिलींच्या चिमण्या एकेक करून थंड होत होत्या, आणि आमची वाचणार कारण आमच्याकडे कॉम्प्युटर येणार, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते.

ऑफिसात आणखी दोन बाया होत्या, टायपिस्ट. त्यांचा डबा दोघींत व्हायचा. साहेब लोक त्यांच्या खोलीत जेवायचे. मी महूची, आजोबा फौजेतले, वडील रेल्वेत कारकून. आमच्या घरातून अशा नोकरीत आलेली मी पहिलीच. मी कोणाच्या टेबलावर बसायचं हे कोणी ठरवलेलं नव्हतं. त्यात माझं काम असं, की रोज नव्या खात्यात जाऊन विचारायचं: तुम्ही काय लिहिता, का लिहिता, कोण वाचतं? मी दारात दिसले की बोलणं थांबायचं. लोकांना वाटे, ही बाई आपलं टेबल मोजायला आली आहे. फार चूक नव्हतं ते.

माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलणारे ऑफिसात एकच, आमचे डिपार्टमेंटप्रमुख मुळे सर. त्यांचे आजोबा संस्थानाच्या दफ्तरात होते, आणि सरांच्या हातालाही कागदाची तीच अदब. राजेंद्र नगरहून सायकलवर यायचे, पँटला क्लिप लावून. ही पद्धत त्यांनीच मला शिकवली. पुस्तकात इंग्रजी अक्षरं होती, ती काढून ‘ज’ आणि ‘वा’ त्यांनीच आणले. "सुनंदाजी, तुम्ही विचार इंग्रजीत करता का? नाही न? मग खुणा कशाला इंग्रजीत?" दुपारी आम्ही दोघं त्या टेबलावर पट्ट्या सरकवत बसायचो, चहा तिथेच यायचा. एखादी पट्टी बरोबर जागी बसली की सर नुसतं "हां" म्हणायचे. त्या "हां"साठी मी महूहून सकाळची बस पकडत होते, असं म्हटलं तरी चालेल.

एखाद्या पट्टीत ‘ज’ आहे पण ‘वा’ एकही नाही, असं निघालं की सर खूश. म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं काहीतरी लिहितोय आणि ते कोणीच वाचत नाही. "चला, एक रजिस्टर कमी झालं," ते म्हणायचे.

टाइम ऑफिसचं काम सरांनी माझ्यावर सोडलं होतं. गेटला लागून असलेली ती खोली. तिथे भागीरथजी बसायचे. साठीकडे आलेले, परदेशीपुऱ्यात राहणारे, शाईचं पेन वापरणारे. कायम कामगारांची हजेरी कार्डावर व्हायची. त्याशिवाय भागीरथजींकडे एक लांबट रजिस्टर होतं, बदलीवाल्यांचं.

बदलीवाले म्हणजे कायम नसलेले कामगार. रोज सकाळी गेटवर येऊन उभे राहायचे. कोणी कायम माणूस आला नाही, तर त्याच्या जागी यांच्यातला एक आत. बाकीचे परत. काही जण दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं असे येत होते. भागीरथजी रोज लिहायचे, कोण आला, कोण आत गेला, कोण परत गेला.

मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. "हे कोण वापरतं?"

"मैं," ते म्हणाले.

"तुम्ही तर लिहिता न. वापरतं कोण?"

"मैं ही लिखता हूँ, मैं ही देखता हूँ. कल जो खाली हाथ गया, आज उसको पहले भेजना है. नहीं तो जो आगे खड़ा हो गया, वही रोज जाएगा."

"पगाराला जातं हे?"

"नहीं. जो अंदर गया उसकी पर्ची अलग बनती है."

"वर कोणी मागतं?"

"किसी ने माँगा नहीं आज तक."

मी वहीत लिहिलं. आमच्या छापील फॉर्मवर एक रकाना होता, उपयोग. सरकारी कागदात काही नसेल तर आमच्याकडे ‘निरंक’ लिहितात. मी लिहिलं, निरंक. भागीरथजींनी उलट्या बाजूनं ते वाचलं. मला चहा विचारला.

दोन दिवसांनी मुंबईचे साहेब तक्ता बघायला येणार होते. सगळ्या पट्ट्या बसल्या होत्या, जिना सुरेख उतरत होता. फक्त ही एक पट्टी कुठेच बसेना. तिचा एकुलता ‘ज’ कोपऱ्यात, सगळ्या चौकटींपासून लांब. कामगारांच्या चौकटीत घालावी तर चौकट तक्त्याच्या निम्म्यापर्यंत ताणली जायची. मी सरांना विचारलं. त्यांनी चष्मा वर केला. "विचारून तुम्ही आलात. ठरवाही तुम्हीच."

माझ्यावर विश्वास टाकला म्हणून मला बरं वाटलं, हे आठवतं. मी ती पट्टी काढली आणि बाकीच्या जवळ सरकवून घेतल्या. तक्ता बरोबर एका कागदावर मावला. मुंबईचे साहेब म्हणाले, इतका स्वच्छ तक्ता त्यांनी कुठल्याच मिलमध्ये पाहिला नाही. सर माझ्याकडे बघून "हां" म्हणाले.

पुढचं सगळं त्या तक्त्यावरून झालं. कॉम्प्युटरवर कामगारांची जी यादी चढली ती कायम कामगारांची. टाइम ऑफिसच्या खोलीत कॉम्प्युटरचं टर्मिनल बसवायचं म्हणून जुनी रजिस्टरं निघाली, आणि ज्यांच्यापुढे निरंक होतं ती आधी निघाली. भागीरथजींना स्टोअरमध्ये पाठवलं, तिथून ते रिटायर झाले. त्यानंतर गेटवर जो पुढे उभा तोच रोज आत जायला लागला, असं कानावर आलं. मी मनात म्हटलं, हे आपलं खातं नाही.

वर्षभरातच मिल थांबली. कॉम्प्युटर असूनही थांबली. एका सकाळी गेटवर नोटीस होती आणि भोंगा वाजला नाही. मला आणि सरांना कामावर ठेवलं होतं, कारण हिशेबासाठी याद्या काढायच्या होत्या. मिलमध्ये कोण कोण कामाला होतं याची यादी मीच प्रिंटरवर काढली, मोठे घडीचे कागद, आणि चौकीदारानं ती गेटच्या भिंतीवर चिकटवली. दिवसभर माणसं बोट फिरवत आपलं नाव शोधत होती. नाव सापडलं की बोट तिथेच थांबायचं, हलायचं नाही.

तिसऱ्या प्रहरी एक जण आत आला. काशिनाथ. महूकडचाच, आमच्या समाजातला, माझ्या काकांच्या ओळखीचा. चौदा वर्षं बदलीत होता.

"ताई, माझं नाव छापायचं राहिलं वाटतं."

मी खोटंच कॉम्प्युटरवर शोधलं. मला माहीत होतं, नाही ते. म्हटलं, "काशिनाथभाऊ, यादी कायम कामगारांची आहे. तुम्ही कायम नव्हता."

तो म्हणाला, "कायम तर मी रोजच होतो, ताई." भांडण म्हणून नाही म्हणाला. समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. मग विचारलं, "मग मी कुठे होतो म्हणून सांगू? पुढे कुठे कामाला गेलो, तर आधी कुठे होतास विचारतात."

मी त्याला उद्या या म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो आला, बरोबर पाच-सहा जण घेऊन. त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसपुढचं अंगण भरलं.

मी परदेशीपुऱ्यात भागीरथजींच्या घरी गेले. त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी रजिस्टरांचं विचारलं.

"वो तो रद्दी में गए, मैडम." मग म्हणाले, "आपने ही तो लिखा था. उपयोग निरंक."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी मान खाली घालून म्हटलं, "चूक झाली. आता काय करता येईल?"

ते उठले, आत जाऊन चष्मा लावून आले. "लिखो आप," म्हणाले.

तीन रविवार मी त्यांच्याकडे गेले. डोळे मिटून ते गेट समोर आणायचे. डाव्या हाताला पिंपळाखाली कोण उभे राहायचे, पाण्याच्या टाकीपाशी कोण, सायकलवाले कोण, पायी येणारे कोण. नावं, बापांची नावं, गावं. कोण कुठल्या खात्यात जास्त जायचा तेही. मी सवयीनं तक्ता आखला होता, डावीकडे माणसं, वर खाती. बहुतेकांच्या ओळीत सगळ्या खात्यांत खूण पडली. सूतखात्यात माणूस नाही, हा गेला. रंगखात्यात नाही, हा गेला. कशीही पट्टी सरकवली तरी तिथे चौकट पडत नव्हती. मी कात्री पिशवीतून काढलीच नाही.

शेवटच्या रविवारी ते अडायला लागले. "एक था, धार तरफ का. पैर घसीट के चलता था. रोज आता था, बरसात में भी. नाम..." त्यांनी कपाळ चोळलं. त्यांची बायको आतून दोन नावं सुचवून गेली, ती नव्हती. "चेहरा सामने है मैडम, नाम नहीं आ रहा." मी ओळ रिकामी सोडली. अशा आणखी काही ओळी सुटल्या.

यादी मिलच्या लेटरहेडवर टाइप करून मी खाली दोन वाक्यं लिहिली. ही माणसं मिलच्या गेटवर रोज हजर राहत होती आणि लागेल त्या खात्यात काम करत होती. यांची नोंद माझ्या चुकीच्या निर्णयामुळे कॉम्प्युटरच्या यादीतून वगळली गेली. त्याखाली माझं नाव, हुद्दा, मिलचा शिक्का.

सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली.

"हे लेटरहेडवर देऊ नका. मुंबईवाले मला सांवेर रोडच्या नव्या कारखान्यात घेतायत, तुमचं नाव मीच सुचवलंय. अपन दोघं तिथे पहिल्यापासून सगळं बसवू. हा कागद गेला न, तर ते तुम्हाला घेणार नाहीत. आणि मला विचारतील, तुमच्या हाताखाली हे झालं कसं?"

"सर, झालं तर आहे."

"झालं असेल. लिहून कशाला द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आधी मी यादीच्या प्रती काढल्या, सही केली आणि काशिनाथच्या हातात दिल्या. एक प्रत कामगार कचेरीत स्वतः नेऊन दिली. तिथल्या बाबूनं विचारलं, "मूळ रजिस्टर कुठे?" मी म्हटलं, "नाही. मी आहे." त्यानं ती फाइलला लावून घेतली. त्याचं पुढे काय झालं हे मला कधी नीट कळलं नाही. काहींना तो कागद उपयोगी पडला, काहींना नाही. पाय ओढत चालणाऱ्या माणसाला तर नाहीच पडला.

त्या दिवशी कागद दिल्याचं सरांना कळलं. दुपारी चहा आला, त्यांनी आपला कप उचलला आणि खिडकीशी जाऊन प्यायले. महिन्याभरात ते नव्या कारखान्यात गेले, माझं नाव अर्थातच कटलं. मी सुदामा नगरात खोली घेतली आणि छोट्या कारखान्यांची कामं एकटीनं घ्यायला लागले. पंपवाले सेठजी त्यातलेच. काम मिळत गेलं, नावही झालं थोडं. पट्टी बरोबर बसली की मी हात थांबवून वाट बघायचे, आणि मग लक्षात यायचं, कोणाची बघतेय.

काशिनाथ एकदा घरी आला होता. सांवेर रोडला एका फॅक्टरीत गेटवर लागला होता, तो कागद दाखवूनच. त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर दिलं होतं, आणि त्यात काय काय लिहायचं ते तो विचारायला आला होता.

"जो आत जाईल त्याचं नाव, वेळ," मी म्हटलं.

"आणि जो नुसता येऊन परत जाईल?"

"त्याचंही लिहा."

"रकाना नाहीये त्याला."

मी फूटपट्टी आणि पेन्सिल घेऊन त्याच्या रजिस्टरच्या पन्नासेक पानांवर तो रकाना आखून दिला. चहा घेऊन तो गेला.

सरांशी पुढे कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. रिटायर होऊन ते मुलाकडे पुण्याला गेल्याचं कळलं होतं. मी रिटायर झाले, म्हणजे कामं घेणं बंद केलं, त्या आठवड्यात कोणाकडून तरी नंबर मिळवून फोन लावला. आवाज बारीक झाला होता, पण "सुनंदाजी" म्हणायची पद्धत तीच. तब्येतीचं झालं, मुलाचं झालं, राजेंद्र नगरचं घर विकल्याचं झालं. 

"त्या कागदाचं तुमचं बरोबर होतं," मग सर म्हणाले. "पण मला न सांगता द्यायला नको होता."

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, सर."

"हो. म्हणालो असतो."

त्यांच्या बाजूला कुठेतरी टीव्ही चालू होता, माझ्याकडे पंखा. आम्ही दोघं तसेच फोन कानाला धरून बसलो. बराच वेळ कोणी ठेवला नाही.